ती थरथर भीतीची नव्हे

संपादक महोदय,

सिझेरियनच्या वेळी बाई थरथरते ती भीतीने, हे आपल्या अंकातील विधान चुकीचे आहे. पाठीतल्या इंजेक्शनने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, पोटाछातीतली ऊब पायांकडे पसरते आणि आतले तापमान उतरते. बधिर पाय थरथरू शकत नाहीत. म्हणून खांदे, हात थरथरतात, दात वाजतात. जवळपास निम्म्या बायकांना हे होते, धीटांनाही. भीतीने भर पडते, एवढेच मान्य.

‘आपोआप थांबते’ म्हणून सोडून देणेही बरे नव्हे. प्राणवायूची गरज वाढते, रक्तदाबाचे आकडे चुकतात. नुकतेच जन्मलेले बाळ छातीशी धरायला आई कचरते. कोमट सलाइन, गरम हवेचे पांघरूण, लागल्यास ट्रामाडॉल द्यावे. तिला ‘घाबरट’ म्हणू नये.

आपली,
एक भूलतज्ज्ञ, सांगली