गोड सुरातला शकुन

स्वारगेटला बसची वाट बघताना कानात इअरफोन असतातच. एकदा रोसालियाचं 'मालामेंते' ऐकून बघा. फ्लेमेंको म्हटलं की आपल्याला 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधलं 'सेन्योरिता' आठवतं. गिटार, टाळ्या, नुसती धमाल! टाळ्या इथेही आहेत, पण त्यांच्या खाली इलेक्ट्रॉनिक बीट आहे आणि आवाज स्वप्नात ऐकल्यासारखा तरंगतो. शब्द कळत नाहीत, तरी 'काय भारी व्हाइब आहे' म्हणत आपण गाणं प्लेलिस्टमध्ये टाकून मोकळे होतो.

पण जरा थांबा. या नावाचा अर्थच 'वाईट रीतीने' असा आहे. २०१८च्या 'एल माल केरेर' म्हणजे 'वाईट प्रेम' या अल्बमचं हे पहिलं प्रकरण. रोसालियाच्या पदवीच्या प्रोजेक्टमधून हा अल्बम उभा राहिला. अकरा गाणी, अकरा प्रकरणं. आधार तेराव्या शतकातल्या 'फ्लामेंका' या कथेचा. तिच्यात संशयी नवरा बायकोला मनोऱ्यात कोंडतो. पहिल्या प्रकरणाचं नाव आहे 'शकुन', आणि तो शुभ नाही. गाण्यातली फुटकी काच तेच सांगते. तिसरं प्रकरण 'मत्सर', चौथं 'तंटा'. चौथ्यात तर मोटरसायकलचं इंजिन तालवाद्यासारखं वाजतं. सिग्नल सुटण्याआधी कुणी उगाच ॲक्सिलरेटर पिळतो ना, तशीच ती गुरगुर. फक्त इथे ती धाक दाखवणारी वाटते.

मग सूर इतका गोड का? कारण वाईट प्रेम सुरुवातीला वाईट वाटतच नाही. 'लाइव्ह लोकेशन पाठव', 'पासवर्ड दे ना', 'त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे?' आणि वर 'काळजी वाटते म्हणून विचारतोय'. मुलंही हे करतात, मुलीही. आपल्यासाठी कुणीतरी इतकं पझेसिव्ह आहे, याचं सुरुवातीला अप्रूपच वाटतं. मनोरा आता दगडाचा राहिलेला नाही, खिशात मावतो. एवढाच काय तो फरक.

म्हणून हा अल्बम शफलवर नको, क्रमाने ऐका. अकराव्या प्रकरणाचं नाव 'सत्ता' आहे, स्वतःवरची, स्वतःची. तिथवर पोचायला तिला दहा गाणी लागतात. तुमच्या मित्राच्या, मैत्रिणीच्या किंवा तुमच्याच गोष्टीत पहिलं प्रकरण ओळखू आलं, तर चौथ्याची वाट बघू नका. बोला.