कॉलेज न सोडता गोलंदाज होता येईल?

नगरहून संभाजीनगरकडे निघालं की घोडेगावात गाडीचा वेग आपोआप कमी होतो. इथून शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो, कांद्याच्या लिलावाला आलेल्या गाड्या उभ्या असतात आणि म्हशींच्या बाजाराच्या दिवशी तर माणसाला चालायला वाट सापडत नाही. दिवाळी सरली आणि रानं मोकळी झाली की याच पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांना जोर चढतो. कोणाच्या तरी नावाचा चषक, पहिल्या बक्षिसाची रक्कम ठळक छापलेला फ्लेक्स, लाउडस्पीकरवरून मराठीत धावतं समालोचन. अशा प्रत्येक स्पर्धेत एखादा तरी पोरगा असा निघतो, की त्याचा चेंडू फलंदाजाला दिसेपर्यंत दांडी गेलेली असते. शेजारच्या गावांचे संघ त्याला मानधन देऊन बोलावून नेतात. चार-पाच हंगाम त्याच्या नावाचा बोलबाला होतो. मग लग्न ठरतं, घरची शेती किंवा सुप्याच्या एमआयडीसीतली नोकरी सुरू होते आणि गोलंदाजी संपते.

त्या पोराच्या खांद्यात ताकद होती, मनगटात झटका होता. अठरा ते बावीस या चार वर्षांत त्या हाताकडे बघणारं कोणी त्याच्या आसपास नव्हतं. ही चार वर्षं तो बहुतेक वेळा कुठल्या तरी कॉलेजच्या हजेरीपटावर असतो. म्हणून प्रश्न कॉलेजला विचारायला हवा.

याच जिल्ह्यातल्या एका हाताची गोष्ट अवघ्या क्रिकेटजगाला ठाऊक आहे. झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, श्रीरामपूरचा. ऊस, साखर कारखाने आणि बाजारपेठ यांवर चालणारं हे गाव. शाळा तिथलीच, मराठी माध्यमाच्या वळणाची. डाव्या हाताचा वेग गावातच दिसू लागला होता. पुढं घरातल्या हुशार मुलासाठी ठरलेली वाट समोर आली, ती इंजिनिअरिंगची. क्रिकेटसाठी त्यानं ती सोडली आणि सतराव्या वर्षी मुंबई गाठली. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, अशा आशयाचा सल्ला वडिलांनी दिला होता, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. नव्वदच्या दशकात श्रीरामपुरातल्या एका बापानं असं बोलणं ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईत त्याला भेटले सुधीर नाईक. भारताचे माजी सलामीवीर, पुढं वानखेडेची खेळपट्टी सांभाळणारे, आणि नॅशनल क्रिकेट क्लबचे आधारस्तंभ. आडगावच्या पोराला लाल चेंडू हाती देऊन क्लबच्या सामन्यांत उतरवणं, राहण्या-खाण्याची काळजी वाहणं, पुढच्या माणसापर्यंत पोहोचवणं, हे काम नाईक यांच्यासारख्यांनी केलं. पुढचा माणूस म्हणजे टी. ए. शेखर आणि चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, जिथं डेनिस लिली नव्या गोलंदाजांना घडवत होते. तिथून संधी मिळाली ती बडोद्याच्या संघात. १९९९-२००० च्या हंगामात झहीर पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीतल्या एका स्पर्धेत तो भारताकडून एकदिवसीय सामन्यात उतरला. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध, ऐन बाविसाव्या वाढदिवशी, त्यानं स्टीव्ह वॉचा त्रिफळा यॉर्करवर उडवला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात कसोटी पदार्पण झालं. पुढच्या वर्षी रणजीच्या अंतिम सामन्यात त्यानं आठ बळी घेतले आणि बडोद्यानं रेल्वेला २१ धावांनी हरवलं.

आता या प्रवासातली ठिकाणं पुन्हा वाचा. श्रीरामपूर, मुंबई, चेन्नई, बडोदा, नैरोबी. नगर जिल्हा क्रिकेटच्या कारभारात पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतो. झहीर रणजी खेळला तो बडोद्याकडून आणि नंतर मुंबईकडून. महाराष्ट्राकडून एकही सामना नाही. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि मुंबईचा झाला. जिल्ह्यानं देशाला दोन मोठे कसोटीपटू दिले आणि दोघांचंही क्रिकेट जिल्ह्याबाहेर घडलं. याबद्दल अभिमान बाळगावाच. त्यासोबत थोडं अस्वस्थही व्हावं.

कारण कॉलेज सोडून जाणं हा मार्ग झहीरला फळला, तरी मार्ग म्हणून तो भयंकर आहे. शिक्षण सोडलेल्या आणि नाईक यांच्यासारखा माणूस न भेटलेल्या मुलांची नावं कोणत्याही नोंदीत नाहीत. एकजण भारताकडून खेळला म्हणून उरलेल्यांनी उडी मारावी, असं कोणत्या आईबापाला सांगायचं?

जगात हा प्रश्न दुसऱ्या पद्धतीनं सोडवलेला आहे आणि त्याचं लख्ख उदाहरण सॉफ्टबॉलमध्ये सापडतं. आपल्या शालेय स्पर्धांत हा खेळ आहे, विद्यापीठांच्या स्पर्धांत आहे, त्यातल्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळाले आहेत, तरी गावातल्या माणसानं तो क्वचितच नीट पाहिलेला असतो. सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, खांद्यावरून चेंडू फेकत नाही. एक पाय रबरी पट्टीला टेकवून ती हात पूर्ण गोल फिरवते आणि चेंडू कमरेपाशी, मनगटाच्या झटक्यानं सोडते. समोरची फलंदाज महिलांच्या सामन्यात ४३ फुटांवर, म्हणजे १३ मीटरच्या थोडी पुढं उभी असते. चेंडू ताशी ११० किलोमीटरनं आला तर तिच्याकडे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ उरतो. क्रिकेटच्या २२ यार्डांवर ताशी १४० चा चेंडू खेळणाऱ्याला याहून जास्त वेळ मिळतो. शिवाय हा चेंडू टप्पा घेत नाही. राइज बॉल वर चढल्यासारखा भासतो, ड्रॉप बॉल ऐनवेळी खाली बसतो, चेंजअप तीच हालचाल दाखवून सावकाश येतो. हा हात तयार व्हायला वर्षानुवर्षं रोज सराव लागतो, आणि त्या सरावाकडे जाणत्या माणसाचं लक्ष लागतं.

अमेरिकेत ही वर्षं कॉलेजात जातात. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनसची मोनिका ॲबट टेनेसी विद्यापीठात शिकली आणि २००४ ते २००७ या चार हंगामांत विद्यापीठासाठी खेळली. त्या काळात तिनं २,४४० फलंदाजांना स्ट्राईकआउट, म्हणजे तीन स्ट्राईकवर बाद, केलं. अमेरिकेच्या पहिल्या दर्जाच्या कॉलेज सॉफ्टबॉलमधला हा विक्रम आहे. तिला मैदान, प्रशिक्षक, व्यायामशाळा, फिजिओ आणि प्रेक्षक हे सगळं त्याच आवारात मिळालं जिथं तिचे वर्ग भरत होते. लगेच पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, ती बीजिंग ऑलिंपिकच्या रौप्यपदक विजेत्या संघात होती. नंतर ती जपानमध्ये टोयोटाच्या संघाकडून खेळली आणि २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांच्या चेंडूचा विक्रम तिच्या नावावर लागला.

जपाननं दुसरी व्यवस्था उभी केली. फुकुओकाची युकिको उएनो विद्यापीठाच्या वाटेनं गेलीच नाही. शाळा संपल्यावर ती थेट ताकासाकीच्या कंपनी संघात दाखल झाली. तिथं नोकरी, पगार आणि खेळ यांची मोट कंपनीनंच बांधलेली असते. बीजिंगमध्ये उएनोनं दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्ण मिळवून दिलं. सॉफ्टबॉल नंतर ऑलिंपिकमधून बाहेर गेला. तो तेरा वर्षांनी, २०२१ च्या जुलैत टोकियोमध्ये परतला, तेव्हा ३९ वर्षांची उएनो पुन्हा मैदानात होती. अंतिम सामन्यात जपाननं अमेरिकेला २-० नं हरवलं. ॲबट समोरच्या संघात होती. तेरा वर्षं ऑलिंपिक नसताना दोघींचे हात कोणी जपले? त्यांच्या लीगनी आणि त्यांना पगार देणाऱ्या संघांनी.

झहीरच्या कारकिर्दीतही हाच धडा आहे. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि एकूण सात षटकांत ६७. पुढं दुखापती, संघाबाहेर जाणं. त्याला सावरलं ते इंग्लंडमधल्या २००६ च्या कौंटी हंगामानं. वूस्टरशायरकडून त्यानं त्या हंगामात ७८ बळी घेतले. आठवड्यामागून आठवडे लाल चेंडू हातात, वेगवेगळ्या खेळपट्ट्या, रनअप आखूड करून हाताला विश्रांती देणारी लय. पुढच्याच उन्हाळ्यात ट्रेंट ब्रिजला त्यानं सामन्यात नऊ बळी घेतले आणि भारतानं १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. धावत येताना उजव्या हाताच्या पंजात चेंडू झाकून ठेवण्याची त्याची सवय आठवा. चकाकती बाजू कुठं आहे हे फलंदाजाला शेवटच्या पावलापर्यंत कळत नसे. असं कसब हजारो चेंडूंनंतर अंगी बाणतं.

२०११ च्या विश्वचषकात त्याची २१ बळींची कामगिरी शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वोत्तम ठरली. अंतिम सामन्यातला त्याचा पहिला स्पेल पाच षटकांचा. त्यातली तीन निर्धाव, एकूण सहा धावा, एक बळी. त्याच स्पर्धेत त्यानं बोटांच्या पेरांवर चेंडू धरून टाकलेला संथ चेंडू, नकल बॉल, गाजला. चेन्नईत ८१ धावांवर जमून बसलेल्या वेस्ट इंडिजच्या डेव्हॉन स्मिथचा त्यानं असाच त्रिफळा उडवला आणि सामना फिरला. हा चेंडू मुळात बेसबॉलच्या पिचरांचा. श्रीरामपूरच्या गोलंदाजानं पिचरांची विद्या विश्वचषकात वापरली, यावरून या दोन खेळांतलं अंतर किती कमी आहे ते कळतं. १५ ऑक्टोबर २०१५ ला त्यानं निवृत्ती जाहीर केली तेव्हा त्याच्या नावावर ९२ कसोटींत ३११ बळी होते. भारताच्या वेगवान गोलंदाजांत त्याच्या पुढं तेव्हा फक्त कपिल देव होता.

झहीरच्या काळापेक्षा आज वाटा वाढल्या आहेत, हे मान्य करायला हवं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि तो महाराष्ट्राकडूनच खेळतो. २०२३ पासून गहुंज्याच्या मैदानावर महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पण हे सगळं आधीच चमकलेल्या मुलांसाठी आहे. गुण मिळवायला आधी स्पर्धा गाठावी लागते आणि स्पर्धा गाठायला कोणीतरी चेंडू कसा धरायचा ते शिकवावं लागतं. घोडेगावच्या आसपासच्या मुलाला किंवा मुलीला ते शिकवणारं कोण आहे?

मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत त्यांना जागा नाही. मंडपाच्या कडेनंसुद्धा त्या फारशा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी कॉलेजचं मैदान हेच एकमेव मैदान आहे आणि सॉफ्टबॉलसारखा खेळ तिथं थोड्या जागेत, थोड्या खर्चात उभा राहतो. पिचिंगच्या सरावाला तर पूर्ण मैदानही लागत नाही. ४३ फुटांची मोकळी पट्टी, चेंडू झेलायला एक कॅचर आणि चेंडूंची पिशवी पुरते. दगडाच्या नेमानं बोरं पाडणाऱ्या, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या पोरींचे खांदे या भागात कमकुवत नाहीत.

कॉलेजांना परवडणार नाही असं यात काही नाही. नगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विभागीय निवड, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी पायरी कागदावर तयार आहे. कमी पडतो तो रोजचा सराव. स्पर्धेच्या आठ दिवस आधी संघ गोळा करायचा, एक दिवस खेळून परत यायचं आणि प्रमाणपत्र फाइलला लावायचं, या पद्धतीतून पिचर घडत नाही आणि गोलंदाजही घडत नाही. तालुक्यातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक प्रशिक्षक नेमावा. एका ठिकाणी मॅटिंगची खेळपट्टी आणि जाळी उभारावी. सराव सकाळी ठेवावा, म्हणजे दुपारी शेतावर जाणारी मुलंही येतील. खेळामुळे बुडालेल्या तासांची आणि परीक्षांची सोय लेखी नियमानं व्हावी, कोणा प्राध्यापकाच्या मेहेरबानीवर ती सोडू नये. गावोगावच्या चषकांची बक्षिसं देणाऱ्या दानशूरांनी एका वर्षीच्या बक्षिसाची रक्कम या कामाला दिली तरी सुरुवात होईल.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ असणार आहेत. क्रिकेट १९०० नंतर पहिल्यांदाच परत येत आहे. तिथं आपल्या तालुक्यातलं कोणी पोहोचेल, असं खोटं आश्वासन या स्तंभातून द्यायचं नाही. मागणी एवढीच आहे, की येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुला-मुलींपैकी ज्याच्या हातात वेग आहे, त्याला खेळण्यासाठी कॉलेज सोडावं लागू नये. संस्थाचालकांनी आणि प्राचार्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतच यासाठी बैठक बोलवावी. आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: इथं रोज सराव घेणारं कोणी आहे का?