हाड मोडल्यास चोळू नका, ओढू नका!

आजी न्हाणीघरात घसरून हातावर पडतात. घरचे आधी तेल लावून चोळतात, शेजारचे कोणी हात ओढून 'बसवतात', मग हाडवैद्याची घट्ट पट्टी बांधली जाते. बोटे सुजून काळीनिळी पडली की माझ्याकडे आणतात. असे रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. माझे स्पष्ट मत आहे की हाड पडल्यामुळे मोडते, पण हात अधू होतो तो पुष्कळदा नंतरच्या या घाईमुळे.

मोडलेल्या हाडाची टोके धारदार असतात. चोळले वा ओढले की ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना इजा करतात. घट्ट पट्टीखाली सूज वाढत जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. "बोटे हलतात, म्हणजे मोडलेले नाही" हाही गैरसमजच. खरे काय ते एक्स-रे सांगतो.

हाडवैद्याकडे लोक का जातात, ते मला कळते. तो गावातच असतो आणि खर्चही कमी येतो. पण एक्स-रेचे वाचलेले पैसे पुढे ऑपरेशनला लागतात.

मग घरी काय करावे?

१. अवयव आहे त्याच स्थितीत ठेवा, सरळ करू नका. बांगड्या, अंगठी लगेच काढा.

२. घडी केलेले वर्तमानपत्र, पट्टी किंवा छत्री यांचा आधार द्या. आत टॉवेल ठेवा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही असे ओढणीने बांधा.

३. नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी झाले नाही, किंवा बोटे बधिर झाली, तर पट्टी सैल करा.

४. जखम असल्यास स्वच्छ कापडाने झाका. हळद, चुना लावू नका. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका.

५. बर्फ कापडात गुंडाळून शेका. खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागू शकते.

मांडीचे हाड मोडल्यास आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकते. मान, पाठ किंवा मांडीला मार असेल तर रुग्णाला उचलून रिक्षात कोंबू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला हलवू नका.

जालना रोडवर अपघात झाला की गर्दी जमते, पण पोलिसांच्या भीतीने पुढे कोणी येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १३४अ चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

हाड बसवणे डॉक्टरांचे काम आहे. ते हलू न देता आमच्यापर्यंत पोहोचवणे एवढेच तुमचे काम, आणि त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.