आवर घालणाऱ्या पेशी

सोमवारी, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, स्टॉकहोममध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेलची घोषणा झाली तेव्हा तिघा मानकऱ्यांपैकी एक, फ्रेड रॅम्सडेल, अमेरिकेतल्या डोंगरांत भटकत होते आणि त्यांचा मोबाइल बंद होता. काही तासांनी पत्नीच्या फोनवर संदेशांचा पाऊस पडला, ती मोठ्याने ओरडली आणि रॅम्सडेलना वाटले, हिला अस्वल दिसले की काय! ही गंमत सगळीकडे छापून आली. पुरस्कार कशासाठी, हे मात्र बहुतेक ठिकाणी चार ओळींत आटोपले. आपल्याकडे तरी तसे व्हायला नको होते. कारण रॅम्सडेल, मेरी ब्रंकाव आणि जपानचे शिमॉन साकागुची यांच्या कामाने ज्या समजुतीला छेद जातो, ती समजूत कोविडच्या काळात आपण पैसे मोजून विकत घेतली होती.

२०२० सालचा उन्हाळा आठवून पाहा. काढे, गोळ्या, थेंब, सरबते, सगळ्यांच्या वेष्टनावर एकच आश्वासन: प्रतिकारशक्ती वाढेल. मध्य प्रदेशात मसाल्यांच्या अर्कात भिजवलेल्या साड्या निघाल्या, कोलकात्यात प्रतिकारशक्ती वाढवणारी ‘संदेश’ मिठाई दुकानात आली. लोकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. भीती खरी होती, औषध नव्हते, हाताला लागेल ते धरले गेले. हळदीच्या दुधाने कुणाचे वाईटही झाले नाही. चूक होती ती त्यामागच्या हिशेबात: प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके बरे.

साकागुचींच्या कामाची सुरुवातच या हिशेबाच्या उलट टोकाकडून होते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची लहानशी ग्रंथी असते. प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. उंदराच्या पिल्लाची ही ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली तर काय होईल? टी पेशी कमी पडतील, पिल्लू दुबळे होईल, असेच कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात त्या पिल्लांची प्रतिकारयंत्रणा बेभान होऊन त्यांच्याच अवयवांवर तुटून पडली. साकागुचींनी निरोगी उंदरांच्या टी पेशी त्यांना टोचल्या तेव्हा हा अनर्थ टळला. म्हणजे टी पेशींमध्ये एक गट असा होता की ज्याचे काम लढण्याचे नव्हे, लढणाऱ्यांना आवरण्याचे होते. त्या काळी अशा पेशींची कल्पनाच शास्त्रज्ञांच्या वर्तुळात बदनाम झालेली होती. आधीच्या काहींनी पुराव्यापेक्षा मोठे दावे करून ठेवले होते आणि तो विषय हातात घेणे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे, अशी स्थिती होती. साकागुची चिकटून राहिले आणि १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या.

दुसरे टोक अमेरिकेत होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पाशी जोडलेल्या टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात खपल्यांनी भरलेल्या कातडीची उंदरांची काही नर पिल्ले जन्मली होती. ती काही आठवडेच जगत. त्यांच्यात नेमके कोणते जनुक बिघडले आहे, हे शोधायला ब्रंकाव आणि रॅम्सडेल बसले आणि २००१ मध्ये ते जनुक त्यांना सापडले. ‘फॉक्सपी३’ हे त्याचे नाव. हेच जनुक बिघडलेली माणसांची मुलेही तान्ह्या वयातच स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेला बळी पडतात, हेही दिसले. पुढे दोन वर्षांनी साकागुचींनी सिद्ध केले की त्यांच्या आवर घालणाऱ्या पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमाने. खंडाळ्याच्या घाटात गाडी चढते इंजिनाच्या जोरावर, पण माणसे घरी पोचतात ती ब्रेकच्या भरवशावर. शरीराने हे फार पूर्वी ओळखले होते, आपल्याला आता कळते आहे.

आता हे सारे साथींच्या संदर्भात लावून पाहू. विषाणू शरीरात शिरला की पहिल्या काही तासांत पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात. शेजारच्या पेशींना मिळणारी ती धोक्याची सूचना असते. अंग मोडून येणे, थंडी वाजणे, ताप चढणे, यातले पुष्कळसे काम विषाणूचे नसते, ते आपल्याच यंत्रणेचे असते. पूर्वी हिपॅटायटिस ‘सी’च्या रुग्णांना औषध म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, तेव्हा फ्लूचा विषाणू जवळपास नसतानाही त्यांना फ्लूसारखाच ताप येई, अंग दुखे. ही पहिली फळी सरसकट असते, समोर कोण आहे हे तिला नीट ठाऊक नसते. नेमका शत्रू ओळखून त्याच्यासाठीच घडवलेली प्रतिपिंडे आणि टी पेशी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. नव्या विषाणूच्या साथीत माणूस जगतो की नाही, हे बऱ्याच अंशी या मधल्या दिवसांत ठरते. पहिली फळी ढिली पडली तर विषाणू मोकाट सुटतो. ती वेळेवर मागे हटली नाही तर फुप्फुसांचा नाश तिच्याच हातून होतो. २०२०च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तर अत्यवस्थ कोविड रुग्णांपैकी दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली होती. ही माणसे विषाणू येण्याआधीच निःशस्त्र झालेली होती आणि वरून पाहता त्यांच्यात काहीच वेगळे दिसत नव्हते.

६ ऑक्टोबर या तारखेची मुंबईच्या इतिहासातही एक नोंद आहे. १९१८ साली फ्लूच्या साथीत याच दिवशी शहरात ७६८ माणसे मेली. जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, तिथून सुरुवात. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती कैकपट घातक होती आणि रेल्वेने ती देशभर पोचवली. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांनी तिला मानमोडी म्हटले. भारतात एक कोटीहून अधिक बळी गेले. १९११ ते १९२१ हे जनगणनेतले एकमेव दशक, ज्यात देशाची लोकसंख्या घटली. या साथीने म्हातारे आणि तान्ही मुले यांच्याबरोबरच विशी ते चाळिशीतले धडधाकट लोक ओढून नेले. त्यांचा जोमच त्यांना भोवला, असे बरीच वर्षे सांगितले गेले. त्या विषाणूची २००५ मध्ये प्रयोगशाळेत पुन्हा उभारणी झाली आणि माकडांवरच्या प्रयोगांत पहिल्या फळीचा बेताल उद्रेक दिसलाही. परंतु त्या काळच्या मृतांच्या जतन केलेल्या फुप्फुसांची तपासणी झाली तेव्हा बहुतेकांत विषाणूमागोमाग शिरलेल्या जिवाणूंचा न्यूमोनियाही आढळला. तेव्हा एकाच कारणाला चिकटून राहणे बरे नव्हे.

मुंबईचेच आकडे तसे बजावतात. त्या साथीत शहरातल्या युरोपीयांत मृत्यूचे प्रमाण हजारी ८.३ होते, तर तेव्हाच्या सरकारी दप्तरात ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणू तोच, थायमस सगळ्यांना सारखीच. फरक होता खोलीत किती माणसे झोपतात याचा, त्या वर्षी पाऊस दडी मारून बसल्यावर ज्वारी कुणाला परवडली याचा आणि आजारपणात कोण उशाशी बसू शकले याचा. प्रतिकारशक्ती घराघरांत वेगवेगळी असते ती अशी. बाटलीवरच्या वेष्टनात हा भाग कधीच येत नाही.

कोविडमध्ये आवर घालण्याचे महत्त्व औषधाच्या पातळीवर सिद्ध झाले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. प्रतिकारयंत्रणा वाढवणारे नव्हे, तिला दाबणारे औषध जीव वाचवत होते. मात्र त्याच निष्कर्षांत दुसरी ओळही होती: ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना या औषधाचा काही फायदा नाही. ही दुसरी ओळ आपल्याकडे कुणी वाचली नाही. २०२१च्या दुसऱ्या लाटेत पहिल्या दिवसापासून, घरबसल्या, मित्राच्या मित्राच्या चिठ्ठीवर स्टेरॉइड घेतले गेले. विषाणू अजून वाढत असताना यंत्रणेचे हात बांधले गेले, मधुमेहींची साखर भडकली, आणि मे महिन्यात काळ्या बुरशीचे रुग्ण इस्पितळांत दाखल होऊ लागले. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. वाढवा म्हणणाऱ्यांचा बाजार आणि दाबा म्हणणाऱ्यांची घाई, दोन्हींनी वेळेचे भान सोडले होते. औषध दुकानांतून चिठ्ठीवाचून स्टेरॉइड आजही कसे मिळते, हे या नोबेलच्या निमित्ताने अन्न व औषध प्रशासनाला विचारायला हवे.

शरीराला टॉनिकपेक्षा अनुभव अधिक उपयोगी पडतो. १९१८च्या साथीत लहान असलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ जणांचे रक्त अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासले, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. नव्वद वर्षांनंतरही त्या सगळ्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे होती. पुढच्याच वर्षी स्वाइन फ्लू आला, पुण्याने देशातला पहिला बळी पाहिला, आणि जगभर दिसले की या विषाणूपुढे वृद्ध मंडळी तरुणांपेक्षा सुरक्षित आहेत. त्यांच्या पेशी त्याच्या नातलगांना लहानपणी भेटलेल्या होत्या. लस हेच करते, फक्त आजाराची किंमत न घेता.

आणि ही ओळख पुसणारा विषाणूही आहे. गोवर म्हणजे अंगावर पुरळ उठून जाणारा किरकोळ आजार, असे आजही कित्येक घरांत मानतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या आधीच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने नाहीशी केल्याचे आढळले. ताप उतरल्यावरही ते मूल पुढे कित्येक महिने जुन्याच रोगांपुढे नव्याने उघडे पडते. २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ पसरली आणि मुले दगावली तेव्हा कारण गूढ नव्हते. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण मागे पडले होते.

गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नवव्या ते बाराव्या महिन्यात, दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत.  दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पहिला डोस गावात मिळालेले मूल दुसऱ्या डोसच्या वेळी दोन-तीनशे किलोमीटरवर तळावरच्या कोपीत असते, आणि गावातल्या आशाताईच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘बाहेरगावी’ असे लिहिलेले असते. आरोग्य खात्याने साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या याद्या हंगामाआधीच मागवून घ्याव्यात आणि तळांवरची लसीकरण सत्रे गळिताच्या पहिल्याच आठवड्यात लावावीत. हंगाम संपून टोळ्या परतल्यावर भरवलेल्या मोहिमेत यातली अनेक मुले त्या डोसच्या ठरलेल्या वयाच्या पुढे गेलेली असतात.