वाजवायचं कुठे?

परवा रात्री मेसमध्ये आमचा ड्रमर दोन चमचे घेऊन स्टीलच्या टेबलावर वाजवत बसला होता. सांगलीकडचा गडी. जत्रेतली हलगी ऐकत मोठा झालेला, त्यामुळे हात असा चालतो की बघत राहावं. दोन मिनिटांत सात-आठ जण ताटं सोडून भोवती जमले. तेवढ्यात मेसचे काका आतून ओरडले, "अरे बाळा, टेबल फोडतोस का माझं?" झालं, मैफल संपली.

हा आमचा बँड. दोन गिटार, एक बेस, आणि एक ड्रमर ज्याच्याकडे ड्रम्स नाहीत. सेकंड इयरला रूममध्येच प्रॅक्टिस करून पाहिली. कहोनमध्ये उशी कोंबली, दाराच्या फटीत टॉवेल लावला. पहिल्या दिवशी शेजारच्या रूममधले आले, त्यांची दुसऱ्या दिवशी ओरल होती. दुसऱ्या दिवशी रेक्टर सर आले. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. हॉस्टेलची रूम ही झोपायची आणि सबमिशन लिहायची जागा आहे. पण मग वाजवायची जागा कोणती? या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांत कुणी दिलेलं नाही, आणि खरं तर आम्हीही कुणाला नीट विचारलेलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गंमत अशी की आमच्या चौघांच्या मोबाईलमधली निम्मी गाणी स्वीडन-नॉर्वेची आहेत. स्टॉकहोमच्या ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा आमचं अर्ध सबमिशन त्याच्यावरच पार पडलं. द हाइव्ह्जचा नवा अल्बम ऑगस्ट २०२५ मध्ये आला. हे हाइव्ह्ज कुठले माहीत आहे? फागेर्स्टा नावाच्या, दहा-बारा हजार वस्तीच्या पोलादी गावातले! आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला एसटी वेळेवर आली तरी बातमी होते. नॉर्वेतल्या बर्गनचे किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स तर दोन गिटारींवर इतकं हळू गातात की आमच्या रेक्टर सरांचीही हरकत नसावी. त्यांच्या २००१ च्या अल्बमच्या नावाचा अर्थच मुळी 'शांतता हाच नवा गोंगाट' असा आहे. आणि ही सगळी गाणी आपण ज्यावर ऐकतो ते स्पॉटिफायसुद्धा २००६ साली स्टॉकहोममध्येच जन्मलं.

स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. मग एवढे बँड येतात कुठून? लोक म्हणतात, तिकडे थंडी आणि अंधार फार, पोरं घरात बसून गाणी करतात. थंडीनं गाणं येत असतं तर महाबळेश्वरला घरटी एक बँड निघाला असता!

खरं कारण फार साधं आहे. तिकडे १९४० च्या दशकापासून नगरपालिकांच्या संगीतशाळा वाढत गेल्या. शाळकरी पोराला तिथे वाद्य शिकायला मिळतं, तेही परवडेल अशा पैशात. नॉर्वेत तर प्रत्येक नगरपालिकेनं अशी शाळा चालवावी असा १९९० च्या दशकात कायदाच झाला. याहून भारी गोष्ट म्हणजे स्वीडनमधली अभ्यासमंडळं. कामगार चळवळीतून १९१२ साली निघालेल्या 'आबेएफ'सारख्या संस्था ती चालवतात. तिघं-चौघं मिळून कुठलाही विषय शिकायला बसले की ते अभ्यासमंडळ, आणि बँडची प्रॅक्टिस हाही तिथे विषय धरतात! संस्था खोली देते, बँड तासांची नोंद आणि हजेरी देतो, आणि त्या तासांच्या हिशेबावर संस्थेला सरकारी अनुदान मिळतं. आपल्याकडे डिफॉल्टर लिस्ट लावायला हजेरी घेतात, तिकडे गिटार वाजवली म्हणून हजेरी लागते. तिकडेही सगळं गोड आहे असं नाही. काही ठिकाणी खोट्या हजेऱ्या सापडल्या, आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं या अनुदानात मोठी कपात जाहीर केली. तेव्हा आरडाओरडा झाला तो याचसाठी, की खोल्या बंद पडल्या तर पुढचे बँड येणार कुठून?

आता आपल्या पुण्याकडे या. ऐकायची हौस इथे कमी आहे का? १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाला लोक थंडीत शाल पांघरून बसतात. एनएच ७ वीकेंडर हा स्वतंत्र बँडचा महोत्सव २०१० साली पहिल्यांदा भरला तो कोरेगाव पार्कातच, आणि २०१९ मध्ये खुद्द ओपेथ पुण्यात वाजवून गेले. अग्नी पुण्याचेच, ईझी वाँडरलिंग्जही पुण्याचेच. म्हणजे स्टेज आहे, कान आहेत. त्याआधीची पायरी मात्र गायब आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नवीन काय गाजलं ते बघा. २०२४ चं क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं 'तांबडी चामडी', जे स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं. किंवा अमरावतीच्या १०० आरबीएचचं रॅप. दोन्ही मला मनापासून आवडतात, मराठी असं वाजू शकतं याचा अभिमानही वाटतो. पण एक लक्षात आलं का? हे संगीत लॅपटॉप आणि हेडफोनवर, रात्री दोन वाजता, कुणाचीही झोप न मोडता तयार होऊ शकतं. चार जणांनी एकमेकांकडे बघत, चुकत-माकत, एकाच वेळी वाजवायचं संगीत तसं होत नाही. त्याला भिंती लागतात. पोरांना बँड आवडेनासे झालेत असं नाही, त्यांना जागा नाही.

बरं, हे आपल्याला जमत नाही असंही नाही. श्रावणात नदीपात्रात ढोलपथकं ताडपत्रीच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी सराव करतात. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडकाच्या तालमींना कॉलेजं हॉल उघडून देतात. तालमीशिवाय नाटक उभं राहत नाही हे सगळ्यांना पटतं, पण बँड मात्र गॅदरिंगच्या दिवशी आकाशातून पडावा अशी अपेक्षा असते!

शहरात तासावर भाड्यानं जॅमरूम मिळतात. पण आपण राहतो हिंजवडीत. संध्याकाळी आयटी पार्क सुटल्यावर गिटार पाठीला लावून वाकडपर्यंत जाऊन दाखवा. दोन तास प्रॅक्टिससाठी तीन तास ट्रॅफिक, वर भाडं आणि रिक्षा. महिन्यात दोनदा गेलो आणि मेसचे पैसे संपले.

"आवाजाचं काय?" असं सर विचारतील. आपण इंजिनिअर ना? अंड्याचे ट्रे चिकटवून आवाज अडत नाही, त्यानं फक्त खोलीतला घुमारा थोडा कमी होतो. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे पन्नास डेसिबल खाते. ड्रमसेट शंभराच्या पुढे जातो. नियमानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे जाड दार बसवलं, खिडकी बुजवली आणि रात्री नऊला कुलूप लावलं, तर गणित जमतं. सिव्हिल आणि ईएनटीसीच्या पोरांना चांगला मिनी प्रोजेक्ट मिळेल तो वेगळाच.

"अभ्यासाचं काय?" टीटीच्या टेबलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. "पैशाचं काय?" गॅदरिंगला एका संध्याकाळच्या डीजे आणि लाइटवर जो खर्च होतो, त्याच्या थोड्या हिश्श्यात सेकंडहँड ड्रमसेट आणि दोन अँप्लिफायर येतील, आणि ते पुढच्या दहा बॅचना पुरतील.

आता थोडं आपल्याच पोरांना. आपणही कमी नाही. गॅदरिंगला कुणी स्वतःचं गाणं सुरू केलं की दुसऱ्या कडव्याला मागून "अरे, पिक्चरचं वाजव!" अशी आरोळी येते. ती आरोळी मीही दिलेली आहे. फागेर्स्टातल्या पोरांची पहिली गाणीही काही फार थोर नसणार. पण ती पोरं पुन्हा वाजवायला बसली.

तेव्हा मागणी एवढीच. वर्कशॉपच्या मागची जुनी स्टोअररूम, जिथे मोडकी बाकं पडलीत, ती मोकळी करून द्या. संध्याकाळी पाच ते नऊ. दाराशी एक रजिस्टर ठेवा, परीक्षेच्या काळात कुलूप लावा, काही मोडलं तर आमच्या डिपॉझिटमधून कापा. हजेरी आम्ही स्वतःहून देऊ, पंचाहत्तर टक्क्यांच्या वर!

जरा लवकर मनावर घ्या एवढीच विनंती. आमच्या ड्रमरची आता दोनच सेमिस्टर उरली आहेत. नंतर तो याच हिंजवडीत कुठल्यातरी कंपनीत लागेल, आणि तिथल्या कॅन्टीनच्या टेबलावर चमचे वाजवील.