दोन झाडांमधलं अंतर

हॅमॉक विकत घेणं सोपं, तो बांधायला दोन झाडं शोधणं अवघड. पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला जाणाऱ्यांना हा प्रश्न पडत नसेल, कारण तिथे झाडांची दाटी आहे. मी पाटसची आहे. आमचा दौंड तालुका पर्जन्यछायेत. कालव्याचं पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून नजर जाईल तिथपर्यंत हिरवं दिसतं. पण त्या हिरव्यात झाड किती, हे दोरी हातात घेऊन हिंडल्याशिवाय कळत नाही.

लेक सह्याद्रीत भटकायला जातो. त्याने नवा आणलेला हॅमॉक दिवाळीच्या सुट्टीनंतर घरीच राहिला. पॅराशूटच्या नायलॉनचं दहा फुटी कापड, दोन रुंद पट्टे, दोन कड्या. सगळं मिळून किलोभर वजन नाही, आणि एवढ्याशा पिशवीत मावतं. त्याच्यावर माणूस निजतो, रात्र काढतो, हे ऐकून मला ते करून पाहायचंच होतं.

दोन खोडं बारा ते पंधरा फुटांवर हवीत. त्याहून जवळ असली तर कापड पोतं होऊन खाली लोंबतं, लांब असली तर पट्टे पुरत नाहीत. खोड निदान वीतभर जाड आणि जिवंत हवं. शेवगा नको, तो ठिसूळ. गुलमोहराची फांदी वाऱ्यातही मोडते. नारळाखाली तर निजूच नये. बाभळीचं लाकूड चिवट, पण तिच्याखाली काटे पडलेले असतात. राहिले लिंब, करंज, चिंच, आंबा.

हायवेच्या कडेला मी आधी पाहिलं. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, टोलनाका आला, आणि कडेची जुनी सावली मागे सरली. मग बारामतीच्या रस्त्याला वळले. तुकाराम महाराजांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसवरून याच रस्त्याने रोटी घाट चढते. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तो चढ पाहायला आम्ही लहानपणी आईबरोबर जायचो. पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा पालखी मार्ग रुंद करण्याची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. रस्ता चांगला झाला, दिंड्यांना कडेने चालायला वेगळी वाट मिळाली. वारकऱ्यांचे जीव त्यामुळे वाचतील, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्या वडा-चिंचांखाली दिंडी टेकायची त्यातले कितीतरी गेले, आणि त्यांच्या जागी लावलेल्या रोपाला सावली धरायला अजून वेळ आहे.

शेवटी भावाच्या वस्तीवर, विहिरीच्या कडेला, दोन लिंब सापडले. वडिलांनी लावलेले. मोटर बसवली तेव्हा पंपाच्या खोलीवर सावली हवी म्हणून.

“अक्का, घट्ट ओढ. ढिलं राहिलं तर खाली टेकशील,” भाऊ म्हणाला. ऐकणाऱ्याला पटेल असंच हे बोलणं आहे, आणि नेमकं उलट करायचं असतं. सत्तर किलोचा माणूस धरा. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक झाडाकडच्या पट्ट्यावर ७० किलोंचा ताण येतो. तोच पट्टा ताणून १० अंशांवर आणला की ताण २०० किलोंवर जातो. ५ अंशांवर आणला तर ४०० किलो. माणूस तोच, वजन तेच. कपडे वाळत घालायची तार फार ओढली की ओल्या चादरीने भिंतीतली खुंटी उपटते, तसंच हे. झोळ दिला की पट्टा, कडी, झाड आणि पाठ, सगळ्यांचं ओझं उतरतं.

तीस अंश मोजायला यंत्र लागत नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात पसरायची, तर्जनी आडवी धरायची, आणि अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत डोळ्याने रेघ ओढायची. पट्टा साधारण त्या रेघेत आला की झालं. माणूस बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट, म्हणजे खुर्चीइतकं उंच राहावं. त्याहून उंच बांधण्यात काही शहाणपण नाही.

पट्ट्याची रुंदीही सोडण्यासारखी गोष्ट नाही. तो निदान एक इंच रुंद हवा, दोन इंच असेल तर उत्तम. बारीक नायलॉनची दोरी खोडाला बांधून त्यावर माणूस झुलला की दोरी सालीत रुतते. झाडाच्या पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीतून, आणि खोडाला जाड करणारा जिवंत थर सालीच्या लगेच आत असतो. चौफेर साल कापली गेली की झाड वाळतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. तरी गाईचं दावं, फ्लेक्सची तार, केबलची वायर आपण त्याच खोडांना आवळत असतो.

आता निजण्याबद्दल. हॅमॉकमध्ये सरळ मध्यरेषेवर झोपलं की शरीर केळ्यासारखं वाकतं आणि गुडघे ताणतात. तिरकं झोपायचं. डोकं थोडं डावीकडे, पाय उजवीकडे, किंवा उलट. तसं केलं की कापड अंगाखाली पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. एवढ्या साध्या बदलाने जो आराम मिळतो तो पलंगावरही मला क्वचित मिळाला आहे. वर लिंबाची पानं, शेजारी विहिरीचा गारवा, आणि अंगाचाच श्वास कापडाला हलवत राहतो. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

हे नुसतं सुख नाही, त्याचा अभ्यास झाला आहे. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०११ मध्ये १२ प्रौढ माणसांना दुपारी ४५ मिनिटं निजवलं, एकदा स्थिर खाटेवर आणि एकदा हळू झुलणाऱ्या खाटेवर. झुलत्या खाटेवर झोप लवकर लागली, मेंदूच्या लहरींतही गाढ झोपेच्या खुणा वाढल्या. २०१९ मध्ये १८ तरुणांवर अख्ख्या रात्रीचा प्रयोग झाला, तेव्हाही झोप अधिक खोल झाल्याचं दिसलं. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आज्यांना हे आधीपासून माहीत होतं. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांनाही माहीत होतं. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे उतरला तेव्हा ती माणसं सुती जाळ्यांत झुलत निजत होती. पुढे युरोपच्या गलबतांनी तीच युक्ती उचलली. ब्रिटिश आरमारात एका खलाशाला झोळी टांगायला १४ इंच रुंदीची जागा मिळायची. ताइनोंच्या वाट्याला मात्र त्या भेटीतून गुलामी आणि रोगराई आली, तेही सांगायला हवं.

रात्रीही निजून पाहिलं, वस्तीच्या अंगणात. इथे दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, थंडी खालून येते. अंगाखालची गोधडी कितीही जाड असली तरी वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. डोंगरात जाणारे लोक त्यासाठी कापडाच्या खालच्या बाजूने वेगळी रजई टांगतात. मी धनगरी घोंगडी आत अंथरली. लोकर दबली तरी थोडी हवा धरून ठेवते आणि खरखरीत असल्याने सरकतही नाही. पहाटेपर्यंत पाठ उबदार राहिली. दुसरी गोष्ट सापाची. मण्यार रात्री हिंडते, आणि तिचा दंश बहुतेक जमिनीवर निजलेल्या माणसाला होतो. दंश इतका हलका की झोपमोडही होत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा आमच्याकडचा शेतकरी बांधावर पोतं टाकून आडवा होतो. जमिनीपासून दीड फूट वर, मच्छरदाणीसह निजता आलं तर तो धोका बराच कमी होतो.

पण उसाच्या कडेला, मोकळ्यावर, एकट्याने हॅमॉक बांधून झोपू नका. दौंड आणि शिरूरच्या उसात आता बिबट्या घर करून आहे. तोडणी चालू असताना सरीत पिल्लं सापडतात. निजलेला माणूस त्याच्या नजरेच्या उंचीवर येतो. मी निजले ती कुंपणाच्या आत, घरापासून हाकेच्या अंतरावर, दिवा लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रानात तोडणीची टोळी आली. भीमा कारखान्याची चिमणी असलेल्या या गावात हंगाम सुरू झाला की बीडकडची, नगरकडची माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातली एक बाई पाणी घ्यायला विहिरीवर आली आणि हॅमॉकपाशी थांबली.

“ह्यो मोठ्या माणसाचा पाळणा का ताई?” तिने कापडाला हात लावून पाहिलं. बसा म्हटलं तर आधी नको म्हणाली, मग टेकली. पायाने जमीन जराशी ढकलली आणि झुलत राहिली. तिचं लेकरू तिकडे बैलगाडीखाली, जुन्या लुगड्याच्या झोळीत होतं.

“गाडीलाच बांधता का रोज?” मी विचारलं.

“झाड असलं तर झाडाला. गाडी भरून कारखान्यावर गेली म्हंजी झोळी सोडावी लागती. मग लेकरू पाचटावर.”

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. हंडा भरला आणि गेली. मी मात्र पुढे दिवसभर तेच रान पाहत राहिले. पाच एकरांच्या त्या फडात, बांधासकट, झोळी बांधण्यासारखं एकही झाड नव्हतं. आमच्याच बांधावरही फारशी नाहीत. उसावर सावली पडते, ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून ती तोडली गेली. पाचटावर मुंग्या, विंचू, साप. आजूबाजूच्या उसात बिबट्या. आणि त्यावर निजलेलं सहा-आठ महिन्यांचं मूल. ज्यांना झोळीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच ती टांगायला जागा नाही, आणि ती जागा आपण, ऊसवाल्यांनी, नाहीशी केली आहे. माझ्या गावाबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटतं.

हॅमॉकबद्दल जे शिकले त्यातलं काही त्या झोळीलाही लागू पडतं. बाळाची झोळी खोल आणि अरुंद असेल तर मान छातीवर दुमडते आणि तान्ह्याचा श्वास अडू शकतो. म्हणून कापड रुंद पसरून बांधावं, बाळाला उताणं, पाठ होईल तितकी सपाट राहील असं ठेवावं, आणि अगदी तान्ह्याला झोळीत नजरेआड सोडू नये. संध्याकाळी जाऊन हे तिला सांगितलं. तिने झोळी सोडून पुन्हा बांधली, माझ्याहून कितीतरी सफाईने.

हॅमॉक घ्यावा का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर होय असंच आहे. विरंगुळ्याला उत्तम, प्रवासात हलका, पाठीला बरा. मात्र रुंद पट्ट्यांशिवाय घेऊ नका, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय बांधू नका. आमच्या भागातल्या गवताळ माळांवर लांडगे आणि चिंकारा राहतात, रात्रीची ती जागा त्यांची आहे.

आणि पाटस, वरवंड, कुसेगाव, रोटी, यवत इथल्या ऊस लावणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती. येत्या पावसाळ्यात विहिरीजवळ, पंपाच्या खोलीजवळ, वस्तीच्या वाटेवर, जिथे पिकावर सावली येणार नाही अशा जागी लिंबाची किंवा करंजाची दोन रोपं लावा. दोघांत चौदा फूट अंतर ठेवा. पाणी हाताशी असेल तर सात-आठ वर्षांत खोड झोळी पेलण्याइतकं होतं. तोवर फडाच्या कडेला डांबाची भक्कम तिकाटणी उभी करून द्या, तोडणीच्या महिन्यांपुरती. कारखान्यांनीही टोळ्यांच्या अड्ड्यावर कोप्यांसाठी जागा आखताना तिथली झाडं राखावीत आणि लेकरांसाठी सावलीची, राखणीची एक जागा हंगामाआधी तयार ठेवावी. टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात. रोपं लावायची ती त्याआधी, आषाढ-श्रावणात.