करुणेला कृतीची जोड

गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात सम्राट अशोकाने माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था नोंदविली आहे. जुळे सोलापुरातील बेवारस मांजरांबाबत आपली करुणा मात्र अन्नाच्या वाटीपाशीच थांबते. मांजरी वर्षाची होण्यापूर्वीच गाभण राहते आणि सुमारे ६५ दिवसांत विते; केवळ खाऊ घातल्याने आजारी, उपाशी पिल्लांचीच संख्या वाढते. पोत्यात भरून दूर सोडले, तर मोकळ्या जागी दुसरी मांजरे येतात. म्हणून पकडून निर्बीजीकरण करणे, रेबीजची लस टोचणे व त्याच ठिकाणी परत सोडणे, हाच योग्य मार्ग होय. संविधानाच्या अनुच्छेद ५१क नुसार भूतदया हे नागरिकांचे कर्तव्य आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वसाहतीतील शस्त्रक्रियांचा खर्च वाटून घ्यावा. हीच आचरणातली मैत्री ठरेल.